आकाश निरभ्र, पडदा काळा : खगोल-सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्ड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्टेलॅरियम, सेलेस्टिया, केस्टार्स, स्कायचार्ट ही संगणकावर आकाश दाखवणारी सॉफ्टवेअर हौशी लोकांनी फावल्या वेळात लिहिली, मोफत दिली आणि आजही तशीच चालू ठेवली आहेत. ती वापरणाऱ्यांना मदत करताना मला येणारे निम्म्याहून अधिक प्रश्न ताऱ्यांबद्दल नसतात, पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डबद्दल असतात. तीच तीच उत्तरं पुन्हा लिहून कंटाळलो, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, पण पहिलं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचा.

सॉफ्टवेअर उघडलं की नुसता काळा पडदा येतो, किंवा उघडताच बंद पडतं. माझं कार्ड गेलं का?

बहुतेक वेळा नाही. कार्ड गेलं असतं तर तुम्हाला हा मजकूरही धड दिसला नसता. दहातल्या आठ वेळा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला कार्ड वापरता यावं म्हणून लागणाऱ्या प्रोग्रामचा, निघतो. म्हणजे तो जुना असतो, चुकीचा असतो, किंवा मुळात बसवलेलाच नसतो.

काहीही पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी लॉग फाइल, म्हणजे सॉफ्टवेअरने स्वतः लिहिलेली नोंदवही, उघडा. स्टेलॅरियम चालू होत असेल तर एफ१ दाबून मदतीच्या विंडोत लॉगचा टॅब दिसतो. चालूच होत नसेल तर फाइल शोधावी लागते. विंडोजवर ती तुमच्या युजर फोल्डरमधल्या अॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरात, स्टेलॅरियम नावाच्या फोल्डरमध्ये असते. लिनक्सवर होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा, म्हणून एरवी लपलेला, स्टेलॅरियमचा फोल्डर असतो. मॅकवर लायब्ररीतल्या अॅप्लिकेशन सपोर्टमध्ये पाहा.

लॉग लांबलचक असतो, पण आपल्याला तीनच गोष्टी हव्यात: व्हेंडर, रेंडरर आणि ओपनजीएलची (सॉफ्टवेअरने कार्डाशी बोलायच्या भाषेची) आवृत्ती. व्हेंडर म्हणजे ड्रायव्हर कुणाचा. रेंडरर म्हणजे चित्र खरोखर कोण काढतंय. आवृत्ती म्हणजे त्या चित्रकाराला किती येतं. माझा अनुभव असा की या तीन ओळी वाचल्या की पुढचा मार्ग आपोआप कळतो, आणि न वाचता केलेली प्रत्येक खटपट वाया जाते.

हे मी स्वतः अद्दल घडल्यावर शिकलो. जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं आणि संध्याकाळी आकाशदर्शनाला निघण्यापूर्वी स्टेलॅरियम उघडायला गेलो, तर एक संदेश झळकून सगळं बंद. तीनदा काढलं, तीनदा घातलं, आधीची आवृत्ती टाकून पाहिली, अँटीव्हायरसला शिव्या घातल्या. मध्यरात्री लॉग उघडला तेव्हा रेंडररपुढे ‘जीडीआय जेनेरिक’ आणि आवृत्तीपुढे १.१ लिहिलेलं होतं. ड्रायव्हरच नव्हता! लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तो उतरवून बसवायला दहा मिनिटं लागली.

‘जीडीआय जेनेरिक’ म्हणजे काय?

विंडोजला तुमचं कार्ड ओळखता आलं नाही, म्हणून त्याने स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर लावला, असा त्याचा अर्थ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ असं नाव दिसलं तर तोच हा. त्याला ओपनजीएल १.१ येतं, म्हणजे नव्वदच्या दशकातलं ज्ञान. डेस्कटॉप, ब्राउझर, व्हिडिओ सगळं ठीक चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. मग खगोलाचं सॉफ्टवेअर टाकलं की भांडं फुटतं.

माझ्या कार्डावर चार जीबी लिहिलंय. तरी चालत नाही म्हणजे काय?

जीबी म्हणजे कार्डाची मेमरी. ती कपाटासारखी असते: मोठं असेल तर जास्त चित्रं मावतात. पण सॉफ्टवेअर आधी विचारतं ते ‘तुला माझी भाषा येते का’ हे. ती भाषा म्हणजे ओपनजीएल. तिची पहिली आवृत्ती १९९२ सालची. २००४ साली आवृत्ती २.० मध्ये शेडरची भाषा आली, म्हणजे कार्डावरच चालणारे छोटे प्रोग्राम लिहिता येऊ लागले. ३.० आली २००८ मध्ये, ३.३ आली २०१० मध्ये आणि ४.६ आली २०१७ मध्ये. त्यानंतर नवी आवृत्ती निघालेली नाही.

म्हणून कार्ड सुसंगत आहे का हे पाहताना मेमरीचा आकडा बाजूला ठेवा आणि ओपनजीएलचा आकडा पाहा. आणि तो आकडा कार्ड व ड्रायव्हर या दोघांचा मिळून असतो, एकट्या कार्डाचा नाही. हे वाक्य पुढे तीन-चार उत्तरांत पुन्हा कामाला येणार आहे.

मग कोणत्या सॉफ्टवेअरला काय लागतं?

स्टेलॅरियमच्या १.० पासूनच्या आवृत्त्यांना किमान ओपनजीएल ३.० किंवा मोबाइल वळणाचं ओपनजीएल ईएस २.० लागतं. ३.३ किंवा वरचं असेल तर उत्तम. १.० सोबत आलेलं वातावरणाचं नवं, वास्तवाच्या जास्त जवळ जाणारं प्रारूप हवं असेल तर ३.३ हवंच. त्यात संधिप्रकाशाचे रंग इतके सुंदर दिसतात की केवळ त्यासाठी कुणी कार्ड बदललं तर मी नावं ठेवणार नाही.

सेलेस्टिया २००१ पासून आहे. जुन्या १.६ मालिकेत ‘रेंडर पाथ’ निवडता येतो, म्हणजे कार्डाच्या ऐपतीप्रमाणे चित्र काढण्याची साधी किंवा भारी पद्धत. कंट्रोल आणि व्ही दाबलं की एकेक पद्धत बदलत जाते. नव्या आवृत्त्यांना ओपनजीएल २.१ तरी लागतं.

केस्टार्स आणि स्कायचार्ट यांचा मामला वेगळा आहे. त्यांचे नकाशे मुख्यतः द्विमितीय चित्रकलेने, प्रोसेसरच्या जोरावर काढले जातात. कार्ड किती का जुनं असेना, ती चालतात. गंमत म्हणजे स्कायचार्ट ज्यांनी लिहिलं त्या पॅट्रिक शेव्हालेंचाच सहभाग असलेला ‘व्हर्च्युअल मून अॅटलास’ हा चंद्राचा नकाशा मात्र ओपनजीएलशिवाय उघडत नाही. लेखक तेच, पण चंद्राचा गोल फिरवून दाखवायचा तर त्रिमितीशिवाय गत्यंतर नाही.

विंडोज ७ वर चालत होतं. विंडोज १० टाकलं आणि बंद पडलं. असं का?

तुमचं कार्ड इंटेल एचडी २००० किंवा ३००० आहे का पाहा. २०११ च्या आसपासच्या प्रोसेसरांमध्ये ते असायचं. त्यासाठी इंटेलने विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढलाच नाही. जुना ड्रायव्हर कधी बसतो, कधी बसतो पण ओपनजीएल नीट देत नाही, आणि कधी विंडोज वर सांगितलेला कामचलाऊ ड्रायव्हर लावून मोकळं होतं. यावर हमखास उपाय नाही. खालच्या उत्तरातला मेसा मोड वापरून पाहा, नाहीतर लिनक्स.

स्टेलॅरियमसोबत अँगल मोड, मेसा मोड, सेफ मोड हे इतके शॉर्टकट कशाला दिलेत? मी कोणता दाबू?

आधी साधा. तो चालला तर बाकीचे विसरा.

अँगल ही गूगलची लायब्ररी. ती ओपनजीएल ईएसच्या आज्ञा घेते आणि त्यांचं मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीत रूपांतर करते. काही कार्डांचा ओपनजीएल ड्रायव्हर ढिसाळ असतो, पण डायरेक्टथ्रीडीचा चांगला असतो, कारण खेळ त्यावर चालतात आणि खेळ बिघडले तर लोक ओरडतात. अशा कार्डांना अँगल मोडने जीवदान मिळतं. मात्र तो स्टेलॅरियमच्या क्यूटी ५ वर (क्यूटी म्हणजे सॉफ्टवेअर बांधायचा तयार पाया) बांधलेल्या आवृत्तीतच आहे. क्यूटी ६ ने अँगलला सोडचिठ्ठी दिली. त्यामुळे जुन्या कार्डवाल्यांनी डाउनलोड करताना क्यूटी ५ ची फाइल निवडावी. नवी ती चांगली असा हिशेब इथे चालत नाही.

मेसा मोडमध्ये कार्डाला हातच लावला जात नाही. सगळं चित्र प्रोसेसर काढतो. म्हणजे कार्डाची कुठलीही कुरबुर संपली, पण बदल्यात वेग गेला. स्थिर आकाश पाहायला, उद्या पहाटे गुरू कुठे असेल हे बघायला पुरेसा. झूम करत सुसाट फिरायला नाही. विंडो लहान ठेवली तर बराच फरक पडतो, कारण प्रोसेसरला कमी ठिपके रंगवावे लागतात.

सेफ मोड हे मेसा मोडचंच दुसरं नाव.  

अक्षरांच्या जागी चौकोन किंवा रंगीत डाग दिसतात.

दोन शक्यता. फक्त एकाच भाषेची अक्षरं चौकोनी दिसत असतील तर त्या लिपीचा फाँट नाही, कार्डाचा काही संबंध नाही. सगळ्याच भाषांची अक्षरं, आकडेसुद्धा, डागाळलेले असतील तर ड्रायव्हर. स्टेलॅरियममध्ये मजकूर दुरुस्तीचा एक खास पर्याय आहे. तो लावला की अक्षरं वेगळ्या, थोड्या संथ पद्धतीने काढली जातात. काही ठरावीक ड्रायव्हरांसाठीच तो ठेवलेला आहे. ज्याला गरज नाही त्याने लावू नये.

लॅपटॉपमध्ये भारी कार्ड आहे, तरी चित्र अडखळतं.

अशा लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असतात: एक प्रोसेसरमधलं साधं आणि एक स्वतंत्र दमदार. बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज प्रत्येक प्रोग्राम साध्यावर ढकलायला बघतं. खेळ ओळखीचे असतात म्हणून ते दमदार कार्डाकडे जातात. तारांगण कुणाच्या यादीत नसतं.

लॉगमधली रेंडररची ओळ पाहा. तिथे इंटेलचं नाव असेल आणि तुम्ही पैसे एनव्हिडियाचे मोजले असतील, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या प्रोग्रामसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. लिनक्सवर ‘प्राइम-रन’ ही आज्ञा पुढे लावून प्रोग्राम चालू करतात.

उलटही करून पाहा. दमदार कार्डावर काळा पडदा येत असेल तर मुद्दाम साध्यावर चालवा. तारांगणासाठी आजकालचं साधं कार्डही भरपूर झालं.

तेच जुनं कार्ड लिनक्सवर व्यवस्थित चालतं म्हणतात. खरं का?

बऱ्याचदा खरं. विंडोजवर ड्रायव्हर कार्ड बनवणारी कंपनी लिहिते आणि कार्ड विकणं थांबलं की काही वर्षांनी तिचा रस संपतो. लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या कार्डांसाठी मेसा हा मुक्त प्रकल्प आहे (वरचा मेसा मोड त्यातलाच, पण इथे कार्ड वापरलं जातं). ब्रायन पॉल यांनी तो १९९३ मध्ये सुरू केला. त्यात जुन्या कार्डांचा कोड पडून राहत नाही, कुणी ना कुणी त्याला हात लावत राहतो. वरचं इंटेल एचडी ३००० घ्या. विंडोजवर त्याला ओपनजीएल ३.१ पर्यंतच येतं, मेसावर तेच ३.३ बोलतं. सिलिकॉन तेच, मास्तर बदलला.

एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांचं मात्र लिनक्सवर दुखणं आहे. कंपनीच्या ड्रायव्हरच्या ३४० मालिकेचा आधार २०१९ अखेर संपला, ३९० चा २०२२ अखेर. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, अपडेट आला की हे ड्रायव्हर बांधलेच जात नाहीत आणि सकाळी मशीन सुरू केल्यावर सगळं रेंगाळतं. मग नूव्हो हा स्वयंसेवकांनी कार्डाची नाडी तपासत, कंपनीच्या कागदपत्रांशिवाय लिहिलेला ड्रायव्हर वापरायचा. वेग कमी मिळतो, पण आकाश दिसतं.

फ्लॅटपॅकने (लिनक्सवर प्रोग्राम बसवायची एक पद्धत) प्रोग्राम टाकला असेल तर आणखी एक खोच आहे. फ्लॅटपॅक ग्राफिक्सचे भाग आपले आपण वेगळे बाळगतो. मशीनवरचा एनव्हिडिया ड्रायव्हर बदलला आणि फ्लॅटपॅक अपडेट केलं नाही, तर दोघांचं जुळत नाही. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर समजा की चित्र प्रोसेसर काढतोय.

मॅकवर काय परिस्थिती?

मॅकवर ओपनजीएल ४.१ च्या पुढे कधी गेलंच नाही आणि २०१८ मध्ये मॅकओएसची मोहावी ही आवृत्ती आली तेव्हा अॅपलने ते कालबाह्य जाहीर केलं. तरी काढलेलं नाही. अॅपलच्या स्वतःच्या चिपांवर ते मेटल या अॅपलच्याच ग्राफिक्स-भाषेच्या पाठीवर बसून चालतं. स्टेलॅरियमला ४.१ पुरून उरतं. चिंता आजची नाही, पुढची आहे.

यानाजवळ किंवा उपग्रहाजवळ गेलं की तो थरथरतो. हा कार्डाचा दोष ना?

कार्डाचा दोष नाही, स्वभाव म्हणा. आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात मजेदार प्रश्न हाच आहे.

ग्राफिक्स कार्ड ३२ बिटांच्या दशांश संख्यांवर भराभर काम करायला बनवलेलं असतं. अशा संख्येत साधारण सात अर्थपूर्ण अंक मावतात. खेळातल्या खोलीला तेवढे पुष्कळ. आता सूर्य मध्यभागी धरून पृथ्वीजवळच्या वस्तूची जागा किलोमीटरमध्ये लिहायची म्हटलं तर आकडा १४,९५,९७,८७० च्या घरात जातो. एवढ्या मोठ्या संख्येपाशी ३२ बिटांच्या दोन लागोपाठच्या संख्यांमध्ये १६ किलोमीटरचं अंतर असतं. मधली कुठलीही जागा कार्डाला लिहिताच येत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची लांबी आहे १०९ मीटर. ते बिचारं सोळा-सोळा किलोमीटरच्या उड्या मारणार.

म्हणून ही सॉफ्टवेअर काय करतात, तर खरा हिशेब प्रोसेसरवर, जास्त अंकांत करतात. सेलेस्टियात वस्तूंच्या जागा १२८ बिटांत ठेवल्या जातात. मग पाहणाऱ्याची जागा त्यातून वजा करून उरलेला छोटा आकडा कार्डाला देतात. स्थानक तुमच्यापासून दोन किलोमीटरवर असेल तर कार्डाला फक्त ‘दोन’ कळतं, सूर्य कुठे आहे याच्याशी त्याला घेणं नाही. एवढं करूनही थरथर दिसली तर एखाद्या अॅड-ऑनने ही वजाबाकी नीट केलेली नसते. तिथे नवं कार्ड घालून काडीचा फरक पडणार नाही.

याचंच भावंड म्हणजे लुकलुकणारे ढग. ग्रहाच्या पृष्ठभागावर काही किलोमीटर उंचीवर ढगांचा थर असतो. दुरून पाहताना कोण पुढे आणि कोण मागे हे कार्डाला ठरवता येत नाही. खोलीचा हिशेब २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पायऱ्या, आणि त्यातल्या बहुतेक जवळच्या वस्तूंवर खर्च झालेल्या. मग कधी ढग वर, कधी जमीन. थोडं जवळ जा, थांबेल.

मोठं टेक्स्चर टाकलं तर चंद्र पांढराफटक झाला!

टेक्स्चर म्हणजे गोळ्यावर चिकटवायचं चित्र. हा मात्र खरोखर कार्डाचा प्रश्न. प्रत्येक कार्ड एका मर्यादेपर्यंतच मोठं चित्र घेतं. जुन्या कार्डांची मर्यादा एका बाजूला ४,०९६ किंवा ८,१९२ ठिपके, आताच्या बहुतेकांची १६,३८४. त्याहून मोठं दिलं की काही प्रोग्राम ते लहान करून घेतात, काही गप्प बसतात आणि गोळा पांढरा राहतो.

मर्यादेत बसलं तरी मेमरीचा हिशेब करा. १६,३८४ गुणिले ८,१९२ ठिपके, प्रत्येकाला चार बाइट: ५१२ एमबी झाले. दुरून पाहण्यासाठी त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती कार्ड बाळगतं, त्याचे आणखी एक तृतीयांश. म्हणजे एकट्या चंद्राने पावणेसातशे एमबी खाल्ले! पृथ्वी, तिचे ढग, तिचे रात्रीचे दिवे, मंगळ अजून बाकी. प्रोसेसरमधल्या कार्डाला ही मेमरी तुमच्या रॅममधूनच द्यावी लागते, म्हणून मग सगळं मशीन जड होतं.

उपाय सोपा: डीडीएस प्रकारची टेक्स्चर वापरा. त्यात चित्र कार्डाला समजेल अशा दाबलेल्या रूपात असतं आणि दाबलेलंच राहतं. डीएक्सटी१ पद्धतीत ते आठवा हिस्सा जागा घेतं. जेपीजी दिसायला लहान फाइल, पण कार्डात शिरताना ती पूर्ण उलगडते. फाइलचा आकार बघून फसू नका. सेलेस्टियात आर दाबून टेक्स्चरची पातळी खाली आणता येते, शिफ्टसह आर दाबलं की वर.

नुसतं आकाश उघडं ठेवलं तरी लॅपटॉपचा पंखा किंचाळतो.

कारण प्रोग्राम सेकंदाला शक्य तितक्या वेळा तेच आकाश पुन्हा पुन्हा रंगवतोय. तारे काही पळत नाहीत. स्टेलॅरियममध्ये कमीत कमी आणि जास्तीत जास्त फ्रेमची मर्यादा सेटिंगमध्ये ठेवता येते. जास्तीत जास्तचा मूळ आकडा प्रचंड ठेवलेला असतो. तो ३० वर आणा. ड्रायव्हरमध्ये व्हीसिंक (पडदा जितक्या वेळा ताजा होतो तितक्याच फ्रेम काढणं) चालू करा. बॅटरीवर मैदानात बसलेल्या माणसाला याने बराच वेळ जास्त मिळतो.

पडदा फोर-के असेल तर रंगवायचे ठिपके फुल एचडीच्या चौपट: सुमारे २१ लाखांऐवजी ८३ लाख. साध्या कार्डावर तिथे अडखळणं स्वाभाविक आहे. खोल आकाशात झूम केल्यावरच अडखळत असेल, तर जादा तारासूची उतरवल्यात का आठवा. त्या कोट्यवधी ताऱ्यांचा भार मुख्यतः प्रोसेसर आणि डिस्कवर पडतो.

मग नवं कार्ड घेऊ का?

फक्त तारांगणासाठी? नको. गेल्या दहा वर्षांतलं जवळपास कुठलंही, प्रोसेसरमधलं धरून, पुरेसं आहे. स्टेलॅरियमचं ‘सीनरी थ्रीडी’ प्लगइन वापरून प्राचीन मंदिरं, दगडी वर्तुळं अशा वास्तूंच्या प्रतिकृतीत फिरायचं असेल, सावल्या हव्या असतील, तर मात्र स्वतंत्र कार्डाचा उपयोग जाणवतो.

फोटो स्टॅकिंगसाठी (आकाशाचे अनेक फोटो एकावर एक रचण्यासाठी) कार्डाचा उपयोग होतो का?

सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंगचं काम प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचं आहे. २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटांत उलगडली की २८८ एमबी होते. शंभर फ्रेम म्हणजे जवळपास २९ जीबी. इथे पैसा एसएसडीवर घाला. ग्रॅक्सपर्टसारखी साधनं पार्श्वभूमी काढायला आणि गोंगाट कमी करायला कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपं वापरतात, त्यांना कार्ड मिळालं तर मिनिटांचं काम सेकंदांवर येतं.

बॉइंकला माझं कार्ड दिसतच नाही.

बॉइंकमधून आइन्स्टाइन अॅट होमसारख्या प्रकल्पांना आपल्या मशीनचा रिकामा वेळ देता येतो. २०१० मध्ये त्यातून स्वयंसेवकांच्या मशीनवर पहिला नवा पल्सार सापडला होता. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या सेटी अॅट होमने मात्र ३१ मार्च २०२० पासून नवं काम पाठवणं थांबवलं, तेव्हा जुन्या लेखात वाचून त्याचं काम शोधत बसू नका.

इथे ओपनजीएल नाही, ओपनसीएल किंवा कूडा, म्हणजे कार्डाकडून चित्रांऐवजी गणितं करून घ्यायच्या भाषा, लागतात. विंडोज अपडेटने आपणहून बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये ओपनसीएलचा भाग कधीकधी नसतो. कार्डाच्या कंपनीकडून पूर्ण ड्रायव्हर घेतला की कार्ड दिसू लागतं.

आणि हो, नवं महागडं कार्ड इथेही जिंकेलच असं नाही. काही गणितांना ६४ बिटांची अचूकता लागते आणि खेळांच्या कार्डांत ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. २०१२ च्या सुमाराचं रॅडियन एचडी ७९७० हे या एका बाबतीत २०२० च्या आरटीएक्स ३०८० च्या जवळपास दुप्पट वेगवान आहे, कारण त्यात ६४ बिटांचा वेग ३२ बिटांच्या चौथा हिस्सा, तर ३०८० मध्ये चौसष्टावा हिस्सा. अर्थात वीज किती पितं तेही बघा.

दुर्बिणीपाशी छोटा संगणक ठेवलाय. घरातून रिमोट डेस्कटॉपने जोडलं की तारांगण उघडत नाही.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये खरं कार्ड बऱ्याचदा बाजूला पडतं आणि पुन्हा तेच जीडीआय जेनेरिक समोर येतं. व्हीएनसी प्रकारचं साधन वापरा, ते खऱ्या पडद्याचीच प्रत पाठवतं. आता त्या संगणकाला मॉनिटरच जोडलेला नसेल तर खरा पडदाही नाही. त्यासाठी एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. तो खोचला की कार्डाला वाटतं मॉनिटर आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवत असाल तर तिथलं थ्रीडी अॅक्सिलरेशन आधी चालू करा.

रास्पबेरी पायवर चालेल?

पाय ४ आणि पुढच्यांवर स्टेलॅरियम चालतं, ईएसची वाट असल्यामुळे. केस्टार्स तर दुर्बीण चालवण्यासाठी त्यावर सर्रास वापरतात.

जुन्या कार्डांचा आधार काढून का टाकतात? पूर्वी चालायचं ना!

राग समजतो. पण दुसऱ्या बाजूने बघा. हे लिहिणारे मोजके लोक, नोकरी सांभाळून रात्री बसणारे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, स्वतःच्या टेबलावर आहेत तीच दोन-तीन कार्डं. पंधरा वर्षांपूर्वीच्या चिपवर काही बिघडलं तर ते त्यांना दिसतच नाही, कुणी सांगितलं तरच कळतं. शिवाय खालचा क्यूटीचा पाया बदलला की काही दारं आपोआप बंद होतात. स्टेलॅरियमने ०.१३ पासून जुनी कार्डं सोडली तरी ०.१२ मालिकेत त्यांच्यासाठी पुढे काही काळ दुरुस्त्या चालू ठेवल्या होत्या. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढं कोण करतं? ती जुनी आवृत्ती आजही चालते, ग्रह योग्य जागी दाखवते. फक्त धूमकेतूंची माहिती ताजी करून घ्या.

मला खरोखर दोष सापडलाय असं वाटतं. कळवू कसं?

‘चालत नाही’ एवढं लिहू नका. कार्डाचं पूर्ण नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि ती क्यूटी ५ ची की ६ ची हे द्या. लॉग फाइल पूर्ण जोडा, तिचा मोबाइलने काढलेला फोटो नको. लॉगमध्ये तुमचं युजरनाव येतं, ते नको असेल तर आधी खोडा. तीच कृती मेसा मोडमध्ये करून पाहा आणि काय झालं तेही लिहा. मेसात ठीक आणि साध्यात बिघाड, तर संशय ड्रायव्हरवर. दोन्हीकडे बिघाड, तर बहुधा सॉफ्टवेअरच्या कोडात, आणि मग तो लिहिणाऱ्याच्या हातात असतो.

मग दोन-तीन दिवसांनी एखादी चाचणी आवृत्ती देऊन ‘ही चालवून बघा’ असं कुणीतरी विचारेल. त्याला उत्तर द्या. तुमचं कार्ड त्याच्याकडे नाही.